पुलावरची बाई

अकरा पुस्तकं लिहिली मी भुतांची.
अलाबामाच्या या आमच्या कोपऱ्यात
एकही पडका धक्का, एकही जळकं चर्च
मोकळं सोडलं नाही.
जिथं भूत नव्हतं तिथं नेऊन बसवलं,
थोडं धुकं, दूर विव्हळणारा एक कुत्रा.
कुत्रा तेवढा खरा असायचा.

सगळ्यांत खपली ती पुलावरची बाई.
मध्यरात्री पांढऱ्या कपड्यांत चालते,
एका हातात कंदील,
दुसऱ्या हातात, हे मी पदरचं घातलं,
नवऱ्याचं मुंडकं, फडक्यात बांधलेलं.
सात आवृत्त्या.
पोर्चवरचं नवं छप्पर तिच्याच जिवावर झालं.

मग एका ऑगस्टात बारावं पुस्तक अडलं
म्हणून पूल ओलांडून गेलो
ओझेला गेन्सकडं. वय एक्क्याण्णव.
म्हटलं, त्या बाईचं आणखी काही सांगाल?
ती भेंडी चिरत होती.
मान वर न करता म्हणाली,
"जेव आधी."

बिडाचा तवा ओव्हनमध्ये तापत पडलेला.
बाहेर काढून तिनं त्यात चरबी सोडली,
वर ताकात कालवलेलं मक्याचं पीठ.
चर्रर्र.
"हा आवाज आला नाही
तर पीठ परत काढायचं,
आणि देवाची माफी मागायची."

मी जेवलो.
कोलार्डची भाजी, तिचं हिरवं पाणी वाटीत वेगळं,
टोमॅटोच्या जाड चकत्या, नुसतं मीठ.
मग तिनं हात पुसले.

"माझी आत्या ती. लव्हीनिया.
पलीकडं सूतगिरणी होती, रात्रपाळी असायची.
आमच्या माणसांना यंत्रांपाशी उभं करत नसत,
अंगणात कापसाच्या गाठी ओढायची ती,
आणि खानावळीचं दार त्यांच्यासाठी नव्हतं.
बारा वाजता आत्या त्यांचं जेवण न्यायची.
एप्रन पांढरा. कंदील.
आणि तुझं ते मुंडकं,
ते भांडं होतं, चवळी-भाताचं.
पाहिलं असेल कुणी गोऱ्यानं गाडीतून.
थांबला मात्र कुणीच नाही.
भांडं जड असायचं रे."

मी चमचा खाली ठेवला.
"अजून वाढू?" तिनं विचारलं.

भुताला हवं तेवढं तिखटमीठ लावता येतं.
चवळीला येत नाही.
विचारलं, पाणी किती घालायचं?
"बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत."
कुणाच्या बोटाच्या?
यावर ती बराच वेळ हसली,
आणि उत्तर दिलंच नाही.

आता मी पेट्रोल पंपामागच्या
शेंगा उकडणाऱ्यांशी बोलत बसतो,
मिठाचं पाणी किती वेळा बदलता, वगैरे.
डुकराचं मांस रात्रभर धुरावर राखणारे
माझ्याकडं नीट बघून घेतात, मग सांगतात,
त्यातलं निम्मं खोटं.
छापून आलं की फोन येतात:
"ग्रिट्समध्ये साखर? तुझी आई कुठली?"
अकरा पुस्तकांत एकाही भुतानं
माझी चूक काढली नव्हती.

प्रकाशक विचारतो, ऑक्टोबरात मी विकू काय?
त्याचंही पोट आहे.
सात आवृत्त्या अजून घराघरांत आहेत,
परत मागवता येत नाहीत.

गेल्या गुरुवारी ओझेलानं भांडं दिलं,
"जाताजाता वर्डेलला दे."
गिरणीचं आता गोदाम झालंय,
तिचा भाचा तिथं रात्रीचा राखणदार.
एप्रन काढायचा राहिला.
पुलाच्या मध्यावर होतो,
समोरून गाडी आली, दिवे थेट तोंडावर,
करकचून ब्रेक,
आत कुणीतरी पोर किंचाळलं
आणि गाडी आली तशी मागच्या मागं पळाली.

थांबा म्हणून हात वर करणार होतो.
एका हातात बॅटरी होती,
दुसऱ्यात चवळी-भात,
गरम,
आणि खरंच जड.